रात्रपाळीच्या आठवड्यातला रस्ता

आबांना फिरायला न्यायचं असेल तर आधी त्यांना एखादं काम सांगावं लागतं. नुसतं "चला, पाय मोकळे करून येऊ" म्हटलं तर ते त्यांच्या अहिराणीत म्हणणार, "पाय मोकळेच शेतस माझे." म्हणून मी त्यांना शाळेचं काम सांगितलं. ते अर्धं खरं होतं. मी सिल्वासातल्या एका मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवते, आणि सुट्टी संपली की मुलांनी आपलं शहर चालत पाहावं असं माझ्या मनात होतं. त्यासाठी मी एक कागद तयार केला होता. सहा ठिकाणं, प्रत्येकाची दोन-तीन ओळींची माहिती, खाली एक प्रश्न, आणि पाठीमागे हाताने काढलेला नकाशा. कागद हातात घेऊन कुणीही, शिक्षक सोबत नसला तरी, शहर पाहून यावं अशी कल्पना.

"पण आधी कुणीतरी चालून बघायला हवं ना, आबा. कुठे चुकतं, किती वेळ लागतो."

"ट्रायल घेनी शे," आबा म्हणाले आणि लगेच चपला शोधायला लागले. माझ्या वडिलांनी तीस वर्षं मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात मशीन चालवलं आहे. ट्रायल न घेता माल पुढे सोडत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

उरलेलं अर्धं खरं मी सांगितलं नाही. मला त्यांना थांबवायचं होतं. थंडीत ते निवृत्त झाले आणि आठवड्याच्या आत त्यांनी इथल्या आमळी भागातल्या खोलीच्या मालकाला सांगून टाकलं की आखाजीपर्यंत खोली रिकामी करतो. मग गावी जाणार, धुळ्याकडे, काकांच्या घरी, कायमचे. सिल्वासाला ते आजही ड्युटीचं गाव म्हणतात. ड्युटी संपली की माणसानं घरी जावं, एवढा साधा हिशोब. आमच्या खोलीत कधी कपाट आलं नाही. "कपाट कसाले? नेताना वजन होस," असं म्हणत तीस वर्षं सगळे कपडे एका पत्र्याच्या ट्रंकेत राहिले. मी त्या ट्रंकेजवळ वाढले, तिच्यावर बसून बाराखडी गिरवली, आणि आता ती दोरीनं बांधून दाराशी ठेवलेली पाहिली की माझं डोकं फिरायचं.

डोकं फिरलं की मी दुसऱ्याच कशावरून तरी भांडते. आठवडाभर मी दोरीवरून भांडत होते. ही कसली दोरी, एसटीत चढवताना सुटेल, असं काहीबाही. "आबा, जाऊ नका, मला करमणार नाही," एवढं सरळ वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. लग्नानंतर मी त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. रोज शाळेतून येताना डोकावते, त्यांनी केलेला जास्त साखरेचा चहा पिते आणि साखरेवरून बोलते. हेच माझं माहेर.

आणि आखाजी म्हणजे आम्हा खानदेशी लेकींचा माहेरचा सण. अक्षय्य तृतीया हो, पण आम्ही आखाजीच म्हणतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आणि घरात गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, वर खरबूज किंवा आंबा, शेजारी सांजोऱ्या. आपली माणसं त्या दिवशी पाणी प्यायला घरी येतात असं समजायचं. आईला जाऊन चार वर्षं झाली. चारही वर्षं आबा आखाजीला गावी गेले, आणि आईच्या नावाचं पाणी काकांच्या घरात भरलं गेलं. आई त्या घरात लग्नानंतरचं एकच वर्ष राहिली होती, आणि त्या वर्षाबद्दल ती कधी फार बोलली नाही. पण मूळ घर ते, म्हणून घागर तिथे. यावरूनही मी भांडले नव्हते. यावरून भांडायची मला हिंमतच नव्हती.

तर एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आठला आम्ही झंडा चौकात उभे होतो. मी कागद काढला आणि वर्गात वाचते तशी वाचायला लागले. पोर्तुगीजांचं राज्य इथे किती काळ होतं, ते कसं संपलं, लोकांनी काय काय सोसलं. आबांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठे आमची बस उभी राहे. त्या कोपऱ्यावर. पहिली पाळीवाले इकडे, खडोलीच्या कंपनीवाले तिकडे."

"आबा, मी इतिहास वाचतेय."

"मंग मी काय सांगू राहिलो?"

मी कागदावर काहीच लिहून घेतलं नाही, याचं मला आता वाईट वाटतं.

तिथून चर्च. चौकापासून चालत गेलं तर पांढऱ्या भिंती झाडांतून हळूहळू दिसायला लागतात. फाटक उघडंच होतं. मी आत गेले, चार पावलं चालले, आणि मागे वळून पाहिलं तर आबा फाटकाबाहेरच. त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर गेलेला, आणि खिशात काही नाही म्हणून चेहरा कावराबावरा झालेला.

"काय झालं?"

"पास?"

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसूच आलं. आबांच्या हिशोबात जिथे गेट आहे आणि गेटवर माणूस आहे, तिथे पास लागतो. पास नसेल तर नाव लिहा, कुणाकडे आलात ते सांगा, बाहेर थांबा. आत अंगण झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी झाडू थांबवला आणि हाक मारली, "आवो ने काका, पास-बास कंई नथी जोईतो." तरी आबा आत आले ते अंग चोरून, कडेकडेनं.

"तीस वर्षांत तुम्ही इथे एकदाही आला नाहीत?"

"गेट शे ना. मले वाटे सरकारी हापिस असीन."

"आणि बाग? म्युझियम?"

"त्यालेबी गेट शे."

माझं हसू तिथेच थांबलं. हा माणूस तीस वर्षं एका शहरात राहिला आणि ज्याला फाटक होतं असं काहीच त्यानं आतून पाहिलं नाही. मी शाळेच्या सहलींना, मैत्रिणींबरोबर, कितीदा तरी या ठिकाणी आले असेन. घरी येऊन सांगितलंही असेल. एकदाही म्हटलं नाही की आबा, तुम्हीही चला. मी त्यांच्या हाताला धरून आत नेलं. त्यांनी बाकांवरून हात फिरवला, लाकूड ठोकून पाहिलं, उंच छताकडे बघत "हवा भारी खेळस आठे" म्हणाले. बाहेर येऊन मी भिंतीच्या सावलीत एका पायरीवर बसले. दुसऱ्या दोन पायऱ्या मोकळ्या होत्या, पण माझे पाय तिकडेच वळले.

चर्चनंतर माझ्या कागदाप्रमाणे आदिवासी संग्रहालय. तिथेही आबांचा हात खिशावर गेला, पण या वेळी त्यांनी तो स्वतःच खाली घेतला आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले. आत वारली घरातली भांडी, मासे धरायची जाळी, मुखवटे, फुंकून वाजवायचा तारपा. आबांना जाळ्याची वीण आवडली. काचेला नाक लावून ते गाठी मोजत होते. सुताचा माणूस. एक गाठ कशी मारली असेल हे त्यांना समजेना, तर हवेत बोटांनी दोनदा मारून पाहिली. मला इतकी माया आली त्यांची, की मी उगाच रागावून म्हणाले, "आबा, काचेवर डाग पडेल."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी माझा कागद मागितला, चष्मा लावला आणि नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"तुझा लेआउट चुकेल शे."

"काय चुकलंय?"

"चौकातून चर्च. बराबर. मंग तू लेकरांना तठून आठे आणती. मंग परत मांघे, लायब्ररीले. मंग जुन्या घरांची गल्ली, मंग नदी. उलटं-पालटं. सरळ लाइनीत लाव ना. निम्मं चालनं वाचीन."

मला राग आला. आठवडाभर बसून मी तो नकाशा काढला होता. "उन्हामुळे लावलाय तसा," मी फटकन म्हणाले. "सकाळी चर्चच्या त्या भिंतीला सावली असते. दहानंतर तिथे ऊन येतं, पण हा व्हरांडा गार राहतो. दुपारी लायब्ररी. आणि गल्लीत ऊन उतरल्याशिवाय जायचं नाही, तिथे झाड नाही एकही."

आबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "तुले कसं माहीत? दहाले तठे ऊन येस ते?"

मला कसं माहीत? शाळेच्या सहली तास-दोन तासांच्या असतात. सावली एका जागेवरून दुसऱ्या जागी कधी सरकते, हे दिवसभर तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मी कागद पुन्हा पाहिला. तो क्रम मी लावलाच नव्हता. तो आईचा होता.

आबांच्या पाळ्या आठवड्याला बदलत. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी साडेसातला येत, भाकरी खात आणि झोपत. आमची एकच खोली, वर पत्रा. मी चार-पाच वर्षांची, आणि बडबडी. तर आई फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधायची, माझं बोट धरायची, कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन बोटांनी लावायची, आणि आम्ही बाहेर पडायचो. आधी चर्चची ती पायरी. मग म्युझियमचा व्हरांडा, तिथला वॉचमन आईला बहेन म्हणायचा. मग लायब्ररीच्या बाहेरचा ओटा. मग कौलांच्या घरांची गल्ली, आणि ऊन उतरल्यावर नदी. सहाच्या सुमारास घरी. आबा उठायचे तेव्हा स्टोव्हवर चहा असायचा आणि आई जणू दिवसभर तिथेच असल्यासारखी तांदूळ निवडत बसलेली असायची.

"आबांना सांगायचं नाही हं," ती दर वेळी बजावायची. "आपण उन्हात फिरतो हे त्यांना कळलं तर झोप लागणार नाही त्यांना." मी कधी सांगितलं नाही. इतकं नीट सांगितलं नाही, की मीही विसरून गेले.

हे सगळं मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. पण मी "चला, लायब्ररी" म्हणाले आणि पुढे चालायला लागले. रस्ताभर ते मागून विचारत होते, "नाराज झाली काय? ऱ्हाऊ दे तुझा लेआउट." मी मान हलवत होते. मागे वळून बघितलं असतं तर रस्त्यातच रडले असते.

लायब्ररीच्या ओट्यावर बसलो तेव्हा सांगितलं. सरळ, एका दमात, वाक्यं न जुळवता. आबा ऐकत होते. त्यांच्या हातात माझा कागद होता, तो त्यांनी घडी घालून गुडघ्यावर ठेवला.

"मले तर वाटे ती शेजारणीकडे बसस," ते म्हणाले.

"शेजारणीकडे पण एकच खोली होती, आबा."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात म्युझियमच्या व्हरांड्यातच. तिथला वॉचमन हटकायचा नाही."

"किती वर्षं?"

"मी शाळेत जायला लागेपर्यंत मी असायची. नंतर ती एकटी."

हे मला नको होतं सांगायला. एकटी. माझी शाळा सुरू झाल्यावर बडबड करणारं घरात कुणी नव्हतं, तरी ती बाहेर पडायची, कारण खोलीत माणूस म्हटलं की भांडं वाजतं, बांगडी वाजते. मी शाळेतून लायब्ररीशी यायची, ती या ओट्यावर बसलेली असायची, आणि आम्ही पुढे निघायचो.

आबांनी गुडघ्यावरच्या कागदाची आणखी एक घडी घातली. मग समोर बघत म्हणाले, "खरं सांगू? मले दिवसा झोप येच नई. खोली इतकी चूपचाप ऱ्हाये, कसतरीच वाटे. तुम्ही दोन्ही असता, जरा आवाज ऱ्हाता, तर बरं वाटतं. उठीसन बसू. मंग वाटे, ती येईन आन मले जागं पाहीन तर जीव खाईन स्वतःचा. म्हणून परत डोळे मिटीसन पडी राहू."

मी हसले की रडले मला आठवत नाही. दोघंही असे. एक जण खोलीत जागा, एक जण ओट्यावर बसून, आणि सहा वाजता दोघं चहा पिताना म्हणणार, झोप झाली का, हो छान झाली. मला त्या क्षणी त्या दोघांचाही फार राग आला आणि दोघंही फार आवडले.

"ती पाणी कोठे पे दिवसभर?" आबांनी एकाएकी विचारलं.

ते मला लख्ख आठवत होतं. लायब्ररीच्या दाराशी तेव्हा एक मोठा माठ असायचा, साखळीनं बांधलेला पेला. आई तिथे पाणी प्यायची, आणि माठ तळाला गेला असेल तर मागच्या हापशावरून कळशी आणून भरायची. कुणी सांगितलं नव्हतं. आपण इथे फुकट बसतो, मग हात हलवायला काय जातं, असं म्हणायची. तिथे येणारे लोक तिला लायब्ररीतलीच बाई समजायचे.

"माठ कोठे शे?"

माठ केव्हाच गेला. त्या जागी आता स्टीलचा कूलर आहे. आबा उठले, कूलरपाशी गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि उभ्यानं प्यायले. मग आणखी एक ओंजळ. त्यांना तहान लागली होती असं मला वाटत नाही.

गल्लीत अजून ऊन होतं, तरी आम्ही गेलो. आबांना प्रत्येक दार बघायचं होतं. ती कोणत्या दाराशी थांबायची, कोण तिला हाक मारायचं. मला दोनच घरं आठवली आणि त्यातलंही एक पाडून तिथे दुकान झालं होतं. नदीवर जाऊन आम्ही पाण्याकडे बघत उभे राहिलो. माझ्या कागदावर दमणगंगेची माहिती होती, ती मी वाचली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. "ट्रायल पास," एवढंच म्हणाले ते.

परत येताना किलवणी नाक्याजवळ एक बाई मडकी मांडून बसली होती. आखाजी जवळ आली की ती येते. आबा थांबले. खाली बसून त्यांनी एकेक घागर उचलली, बोटाच्या पेरानं वाजवली, कानाशी धरली, ठेवून दिली. सहावी की सातवी त्यांना पसंत पडली. वर ठेवायला एक छोटं मडकंही निवडलं.

मला वाटलं, गावी न्यायला घेताहेत. लगेच माझं तोंड सुटलं. "आबा, एवढ्या लांब एसटीत कशी नेणार तुम्ही ही? ट्रंक, वर घागर. धुळ्यापर्यंत दहा तुकडे होतील. तिकडे मिळत नाहीत का मडकी?"

त्यांनी घागर छातीशी धरली आणि उभे राहिले. गुडघा दुखला असावा, क्षणभर माझा खांदा धरला.

"गावले नई नेवानी," ते म्हणाले. "तुझी माय तठे येईन कशी? तिले तठला रस्ता माहीत नई. तिले आठलाच माहीत शे."

मी पर्स काढून पैसे दिले. मडकीवाली बाई आमच्याकडे बघत होती. आबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, माझं बोट धरलं, मी चार वर्षांची असल्यासारखं, आणि मला पलीकडे सावलीच्या बाजूला नेलं. आमळीच्या वळणापर्यंत त्यांनी बोट सोडलं नाही.

"आखाजीले सकाळीच ये माहेरले," मग ते म्हणाले. "घागर तू भर. आन आल्यावर ती ट्रंकेची दोरी सोड जरा, मले गाठ सुटत नई."